चषक असेपर्यंतचा अबोला

आमच्या रोक्काफेरा गावाचा देवावर पूर्ण विश्वास आहे. फक्त फुटबॉलची जोखीम कोणी एकट्या देवावर टाकत नाही. सामन्याच्या दिवशी आधी मारियामातेसमोर मेणबत्ती, मग खिशातल्या किल्लीच्या लोखंडाला हात, आणि मग मागच्या वेळी जिंकताना अंगात जो सदरा होता तोच, न धुता. ‘आपण जिंकणार’ असं तोंडातून काढायचं नाही. काढलं तर एल्विओ आपल्या बारमधून हाकलतो, मग तो त्याचा सख्खा मेव्हणा असला तरी. फादर कोरादोंनी या वेडावर एकदा चांगली झोड उठवली होती. पण तो सामन्याचा दिवस नव्हता.

फादरांचं प्रवचन म्हणजे आमच्या गावाचं भाग्य. ते बोलायला उभे राहतात ते साध्या माणसासारखे. मग एखादा शब्द त्यांना गोड लागतो, ते तो लांबवतात, आवाज चढतो, आणि बोलणं संपून गाणं कधी सुरू झालं ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. ते चढू लागले की मी खालून हळूच सूर धरते. कितीतरी रविवारी माझी बोटं पट्ट्यांवर आणि डोळे भरलेले अशी मी बसलेली असते. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यात फादरांचं नाव आलं, तर ते मी प्रेमानेच घेते आहे असं समजावं.

सेत्तिमिया माझी समोरची शेजारीण. तिचा सज्जा चौकातल्या कारंज्यावर येतो. तिचा नवरा प्रिमो आमच्या संघाचं सामान सांभाळतो: सदरे, मोजे, बूट, मध्यंतरातला लिंबाचा चहा. संघ कुठेही खेळो, बसमध्ये सगळ्यांत आधी चढणार तो, आणि सगळ्यांत शेवटी उतरणार तो.

ऑगस्टमधला रविवार होता. राष्ट्रीय चषकाची पहिली फेरी. या चषकाचा कायदा सोपा आहे: हरला तो घरी. आमचा संघ दरवर्षी पहिल्याच फेरीत घरी येत असे आणि गाव त्याचं फारसं मनावर घेत नसे. ऑगस्टमध्ये गावाला दुसरं काम असतं. वर्षभराचा टोमॅटोचा रस शिजवून बाटल्यांत भरायचा असतो.

सेत्तिमियाचा तांब्याचा हंडा तिच्या आईचा. वर्षातून एकदा माळ्यावरून उतरायचा, टोमॅटो शिजवायचा आणि लख्ख होऊन परत माळ्यावर जायचा. त्या दिवशी फादरांनी येशूने हजारोंना जेवू घातलेल्या पाच भाकरी आणि दोन माशांवर प्रवचन गायलं, आम्ही सगळे तृप्त होऊन घरी गेलो. सेत्तिमिया घरात शिरली तर हंडा चुलीवर, आणि हंड्यात संघाचे मोजे रटरटत होते. क्लबचं कपडे धुण्याचं यंत्र बिघडलं होतं आणि प्रिमोला मोठं भांडं हवं होतं. एवढीच गोष्ट.

“अरे, हा माझ्या आईचा हंडा आहे!” हे मला माझ्या घरात ऐकू आलं.

“अगं, उकळलंय ना सगळं. उलट आता जास्त स्वच्छ झालाय,” प्रिमो म्हणाला.

चाळीस वर्षांच्या संसारात याहून वाईट उत्तर त्याने दिलं नसेल. दुसऱ्या क्षणी तो ओल्या मोज्यांची बादली घेऊन, पायात घरातल्या सपाता, जिन्यावरून धावत चौकात आला. पाठोपाठ सज्जातून त्याचे बूट आले. “जा, त्या मोज्यांबरोबरच संसार कर! उंबरा चढलास तर तुलाच उकळीन!” डावा बूट कारंज्यात पडला. उजवा, कॉफीचा ट्रे घेऊन चाललेल्या एल्विओच्या खांद्यावर.

दुपारी समुद्राकाठचा एक संघ आला, आमच्याहून दोन श्रेणी वरचा. प्रिमो सपाता घालूनच बाकावर बसला. शेवटी शेवटी एक चेंडू आमच्या पुढच्या फळीतल्या पोराच्या पाठीवर आदळून गोलात गेला. लोक का ओरडताहेत हे बघायला तो वळला तेव्हा त्याला कळलं. आम्ही जिंकलो होतो.

संध्याकाळी बारमध्ये या विजयाचं श्रेय कोणाचं यावर विचार झाला. खेळाडूंचं नाव कोणी घेतलं नाही. औषधाच्या दुकानाचे ओरेस्ते म्हणाले, की मी गवती टोपी आणि अर्धी चड्डी घालून कलिंगड खात सामना पाहिला. नगराध्यक्षाबाई म्हणाल्या, मी माझ्या पिवळ्या पंख्याने वारा घेत होते. फादर म्हणाले, माझं आपलं प्रवचन. एल्विओ खांदा चोळत होता. चोळता चोळता तो थांबला.

“थांबा,” तो म्हणाला. “टोपी दरवर्षी असते. पंखा दरवर्षी असतो. फादर, रागवू नका, भाकरी आणि मासेसुद्धा दरवर्षी असतात. या वर्षी नवीन काय झालं?”

सगळ्यांनी खिडकीतून सेत्तिमियाच्या सज्जाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी प्रिमो क्रीमच्या मिठाईचा पुडा घेऊन घराकडे निघाला, तर एल्विओने त्याला कोपऱ्यावरच अडवलं. मिठाई स्वतः खाल्ली आणि त्याला परत मैदानावरच्या सामानाच्या खोलीत पाठवलं. मग एल्विओ, ओरेस्ते आणि फादर सेत्तिमियाकडे आले. मी तिथे बाटल्या पुसायला बसले होते.

“वहिनी, राग कसा आहे?” एल्विओने विचारलं, जसं तापाबद्दल विचारतात.

“गेला. मीठ आणि व्हिनेगर लावून हंडा घासला, तो निघाला, रागही निघाला. कुठेय तो गाढव? पास्ता टाकायचाय.”

एल्विओचा चेहरा पडला. “असा कसा गेला? एवढा मोठा राग, एका रात्रीत?”

“माझा राग आहे. मला वाटेल तेव्हा जाईल.”

“बाई,” ओरेस्ते गंभीरपणे म्हणाले, “तो आता तुमचा एकटीचा राहिलेला नाही. गावाचा झालाय.”

सेत्तिमियाने फादरांकडे पाहिलं. फादरांनी खिडकीबाहेर पाहिलं. “योना संदेष्टा,” ते खिडकीला म्हणाले, “माशाच्या पोटातसुद्धा राहिला. प्रिमो पुढच्या फेरीपर्यंत सामानाच्या खोलीत राहिला, तर… तिथे हवा तरी आहे.”

सेत्तिमियाला हसू आलं. “बरं. पुढची फेरी तर हरणारच आहात.”

तिघांनीही लोखंडाला हात लावला. ती हरणार म्हणाली यात त्यांना शुभशकुनच वाटला असावा.

दुसऱ्या फेरीच्या दिवशी सगळा चौक भरला. फादरांनी पुन्हा भाकरी आणि मासे गायले. मग प्रिमो सपाता घालून, बादली घेऊन जिन्यावरून धावत आला. सेत्तिमिया सज्जात आली. तेच शब्द, तेच उकळणं. डावा बूट पहिल्याच झटक्यात कारंज्यात पडला, टाळ्या वाजल्या. उजवा मात्र दोनदा चुकला. एल्विओ खांदा पुढे करून उभा होता, “वहिनी, जरा डावीकडे! अजून जरा!” असं सांगत होता. तिसऱ्यांदा लागला. सेत्तिमिया पोट धरून हसत होती, प्रिमोने खालून डोळा मारला. संघ जिंकला. तिसऱ्या फेरीतही हेच सगळं झालं, आणि संघ जिंकला.

मग चषक थांबला. चौथी फेरी एकदम डिसेंबरमध्ये होती.

ऑगस्टमध्ये थट्टा होती ती शरद ऋतूत व्रत झाली. दोघांचा अबोला जपायची जबाबदारी अख्ख्या गावाने वाटून घेतली. सेत्तिमिया बाजारात दिसली की प्रिमोला कोणीतरी गल्लीत ढकलायचं. ती चर्चमध्ये उजवीकडे बसली की त्याला डावीकडच्या खांबामागे जागा. राग एकदा मोडला की पुन्हा सांधता येत नाही, असं ओरेस्ते म्हणत, आणि औषधवाल्याचं म्हणणं म्हणून लोक मानत.

चर्चचं तर काय सांगू. ऑगस्टनंतर फादरांच्या तोंडी ‘क्षमा’ हा शब्द आला नाही. उधळ्या पुत्राची गोष्ट आली त्या रविवारी ते डुकरांवरच बोलले. डुकरं छान गायली त्यांनी, पण त्याला माफ करणाऱ्या बापापर्यंत पोचलेच नाहीत. आणि प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणताना ‘जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ ही ओळ जवळ आली, की सगळं देऊळ आवाज उतरवायचं, आणि एल्विओला बरोबर त्याच जागी खोकला यायचा. मोठा, खणखणीत खोकला. सेत्तिमियाच्या कानावर ती ओळ पडून तिचं मन विरघळू नये म्हणून. देवाने ती ओळ ऐकली की नाही, हे मला माहीत नाही. आम्ही तरी ऐकू दिली नाही.

सेत्तिमिया माझ्याकडे झाकणाचं भांडं द्यायची. त्यात सूप असायचं. मी ऑर्गनच्या स्वरलिप्यांच्या पिशवीतून ते मैदानावर न्यायची. प्रिमो सदऱ्यांच्या ढिगाऱ्यात खाट टाकून बसलेला असायचा. भांडं धुऊन परत द्यायचा, आणि रिकामं कधी द्यायचा नाही: कधी मूठभर चेस्टनट, कधी रानातली अळंबी.

“काय म्हणते?” तो विचारायचा.

“म्हणते, हे वर्ष कसं संपतच नाही.”

“सांग तिला, पुढच्या फेरीत हरणार आहोत,” तो म्हणायचा, आणि गालातल्या गालात हसायचा. घरी जायला मिळावं म्हणून सामानवाल्यानेच संघ हरायची वाट पाहणं म्हणजे काय, ते आमच्या गावात राहिल्याशिवाय कळायचं नाही.

डिसेंबर आला तो बर्फ घेऊन. सामन्याच्या सकाळी ओरेस्ते गवती टोपी आणि अर्ध्या चड्डीत आले, हातात दूरदेशाहून मागवलेली कलिंगडाची फोड. त्यांचे दात कडकड वाजत होते, तो आवाज कलिंगड खाण्याचा असावा असं सगळे धरून चालले. नगराध्यक्षाबाई हिमवर्षावात पंख्याने वारा घेत होत्या. कारंजं गोठलेलं होतं. प्रिमो सपाता घालून बर्फात उभा राहिला. सपाता भिजल्या.

सेत्तिमिया सज्जात आली. रात्रभर थंडीने तिला झोप नव्हती, खोलीत एकटी बाई किती लाकडं जाळणार. तिने नेहमीची वाक्यं म्हटली. डावा बूट बर्फावर आपटून घसरत बारच्या दारापर्यंत गेला. खालून कोणीतरी ओरडलं, “जोर नाही, वहिनी! ऑगस्टमध्ये काय जोर होता!” दुसऱ्याने, “मनापासून!”

तिने उजवा बूट हातात धरला होता. तशीच ती थांबली. मग म्हणाली, मोठ्याने नव्हे, पण चौकात प्रत्येकाला ऐकू गेलं:

“माझ्या आईला पुरलं त्या दिवशी तू संघाच्या बसमध्ये होतास.”

आणि बूट फेकला. तो एल्विओच्या खांद्यावर नेमका बसला.

काय टाळ्या वाजल्या! “वा, वहिनी! हे नवीन!” मला माझ्या खिडकीतून प्रिमोचा चेहरा दिसत होता. त्याने टाळ्यांकडे पाहिलं नाही, वर पाहिलं नाही. बादली उचलून तो बसकडे गेला.

ती गोष्ट तीस वर्षांपूर्वीची होती. तिने ती तोंडातून कधीच काढली नव्हती. त्यानेही नाही. नवरा-बायकोच्या घरात अशी एखादी पेटी असते. कुलूप लावून तिच्यावर रोज चादर अंथरायची असते. ऑगस्टपासून शिवीमागून शिवी म्हणता म्हणता तिचा हात त्या कुलपावर कधी गेला, तिलाही कळलं नसेल. आपण जपमाळ ओढतो ती का? ओठांवर जे रोज येतं ते हळूहळू आत मुरतं, म्हणून. मग सगळ्या गावाने एका बाईकडून रोष म्हणवून घेतला, तो कुठे जाणार होता?

संघ जिंकला. आमचा संघ शेवटच्या सोळांत गेला. ढोल वाजले. दुसऱ्या दिवशी मी सूप घेऊन गेले, तर प्रिमो भिंतीकडे तोंड करून बसला होता. “भूक नाही म्हणून सांग,” तो म्हणाला. भांडं जसंच्या तसं परत आलं. सेत्तिमियाने झाकण उघडलं, वरचा चरबीचा थर गोठलेला पाहिला आणि झाकण लावलं.

मग बारवाली मंडळी तिच्याकडे पेढा मागायला यावी तशी आली.

“वहिनी, ते आईचं वाक्य,” एल्विओ म्हणाला, “ते आता राहणार हं. जानेवारीत उत्तरेकडच्या मोठ्या संघाशी गाठ आहे. टीव्हीवाले चौकात येणारेत. तसंच म्हणायचं, त्याच आवाजात. आणि त्याआधी जरा थांबला होतात ना, ते थांबणंसुद्धा.”

“ते खरं होतं, एल्विओ,” ती म्हणाली.

“म्हणूनच तर चाललं!”

ते गेल्यावर तिने दाराला कडी लावली. “डेल्फिना,” ती मला म्हणाली, “एकदा म्हटलं ते रागात म्हटलं. पुन्हा म्हटलं तर ते मी ठरवून म्हटलेलं असेल. मग तो परत यायचा नाही. मी त्याला ओळखते. आणि नाही म्हटलं, तर हे लोक मला या गावात जगू देतील?”

“फादरांना विचार,” मी म्हणाले.

“फादर माशाच्या पोटात बसलेत,” ती म्हणाली.

हे मी फादरांना तसंच्या तसं सांगितलं. ऑर्गनवाल्या बाईने एवढं करायला हरकत नाही. फादरांचा चेहरा असा झाला, की जणू त्यांना आठवलं, आपण उधळ्या पुत्राला डुकरांतच सोडून आलोय.

जानेवारीतल्या त्या सकाळी देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती. मागे टीव्हीवाले कॅमेरे घेऊन उभे. खेळाडू पुढच्या रांगेत, संध्याकाळच्या सामन्यासाठी बस बाहेर तयार. फादर उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे पाच भाकरी आणि दोन मासे सुरू झाले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी सूर धरला. लोक जेवले, तृप्त झाले, टोपल्या उरल्या. मग, जिथे आमेन यायचा तिथे, फादर थांबले नाहीत.

“पोट भरलं,” ते म्हणाले. “आता भरल्या पोटी प्रभू काय शिकवतो? जशी आम्ही…”

एल्विओ खोकला.

“जशी आम्ही…” फादरांनी सूर चढवला. मी पट्ट्या दाबून धरल्या. एल्विओ खोकला. “जशी आम्ही आमच्या अपराध्यांना…” हा शब्द त्यांनी असा लांबवला, असा खेळवला, की त्याला शेवटच येईना. वर गेला, वळला, खाली आला, पुन्हा वर. एल्विओ खोकत होता. त्याचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. त्याने श्वास घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्या फटीत फादरांनी “क्षमा करतो!” सोडलं, आणि ते घुमटात जाऊन आदळलं. ऑगस्टपासून भुकेलेले लोक. कोणाकोणाच्या तोंडून ते आपोआप परत आलं. फादरांनी पुन्हा म्हटलं. आता निम्मं देऊळ म्हणालं. तिसऱ्यांदा खेळाडूसुद्धा म्हणाले. एल्विओला कोणीतरी पाणी देत होतं. खांबामागे प्रिमो मान खाली घालून उभा होता. सेत्तिमियाची जागा रिकामी झाली होती.

सगळे चौकात धावले. ती सज्जात उभी होती, दोन्ही हातांत दोन बूट. कॅमेरे वर वळले. प्रिमो बादली घेऊन बर्फात येऊन उभा राहिला. एल्विओ खोकून खोकून अर्धा झालेला, पण खांदा पुढे करून तयार.

“वहिनी, थांबणं विसरू नका!”

ती थांबली. आणि मग आत गेली.

“बूट बदलतेय की काय?” ओरेस्ते कुजबुजले. “तेच बूट हवेत!”

खालचं दार उघडलं. सेत्तिमिया दोन्ही बूट घेऊन बाहेर आली, बर्फातून चालत प्रिमोसमोर गेली आणि खाली बसली. त्याच्या भिजलेल्या सपाता काढल्या. पदराने पाय पुसावेत तसे अंगावरच्या एप्रनने पाय पुसले.

“मोजे कुठले हे? संघाचे?”

“हो.”

“कशात धुतले?”

“बादलीत. थंड पाण्यात,” प्रिमो म्हणाला. मग तो म्हणाला, “सेत्ती, त्या दिवशी मी बस परत फिरवायला सांगणार होतो. टोलनाक्यापर्यंत सगळा वेळ सांगणार होतो. लाज वाटली. पोरं हसतील म्हणून.”

“गाढव,” ती म्हणाली आणि बुटाची नाडी बांधली.

तेवढ्यात बसचा भोंगा वाजला. सगळा चौक प्रिमोकडे बघत होता. बसमध्ये पहिला चढायचा तो. सेत्तिमिया उठून उभी राहिली. तिने ‘जा’ किंवा ‘राहा’ म्हटलं असतं तर सोपं झालं असतं.

प्रिमोने कमरेची किल्ल्यांची जुडी काढली आणि एल्विओच्या पुढे केलेल्या खांद्यावर ठेवली. “तू जा आज,” तो म्हणाला. “सामान दाराजवळ आहे. नीट बघून घे.”

आणि दोघं जिना चढून गेली. त्याच्या बुटांचा आवाज चौकात ऐकू येत होता. ऑगस्टपासून त्या जिन्यावर बूट वाजले नव्हते.

एल्विओने सामान नीट पाहिलं नाही. मोजे खोलीत दोरीवर वाळत राहिले. आमच्या पोरांनी त्या झगमगत्या मैदानावर यजमानांचे उसने मोजे घालून सामना खेळला, आणि अर्धा डझन गोल खाल्ले.

आम्ही बारमध्ये पाहत होतो. सामना संपला. ओरेस्ते टोपी काढून म्हणाले, “दोष कोणाचा, हे मला बोलायला लावू नका.” सगळ्यांनी सज्जाकडे पाहिलं. तिथे दिवा होता, आणि ताटल्यांचा आवाज येत होता.

“माझा,” नगराध्यक्षाबाई अचानक म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. “हा पंखा ऑगस्टमधला नाहीच. तो सप्टेंबरमध्येच मोडला. हा दुसरा आणला.”

कोणी काही म्हणायच्या आत ओरेस्ते खाली बसले. “बाई, तुम्ही कशाला… मी डिसेंबरमध्ये बायकोचे कातडीच्या रंगाचे लोकरी पायमोजे घातले होते.” मग एकेक जण बोलू लागला. कोणाचा सदरा दुसऱ्या फेरीनंतरच धुतला होता. कोणी ऑगस्टमध्ये डुलकी काढली होती ती थंडीत लागेना म्हणून नुसते डोळे मिटले होते. दुसऱ्या दिवशी परतल्यावर एल्विओनेही सांगून टाकलं, की तिसऱ्या फेरीपासून तो कोटाच्या खांद्यात उशी शिवून घेत होता. आणि त्या रात्री सगळ्यांत शेवटी फादर म्हणाले, की डिसेंबरमध्ये गाण्याच्या भरात त्यांच्या तोंडून सात भाकरी गेल्या.

“मग आपण जिंकलो कसे?” नगराध्यक्षाबाईंनी डोळे पुसत विचारलं.

त्या प्रश्नाचं उत्तर अकरा जण होते, आणि ते बसमध्ये गाढ झोपले होते.

इथे गावाने धडा घ्यायला हवा होता. मलाही तसंच वाटलं. पण पुढच्या रविवारी आमच्या मैदानावर नेहमीचा लीगचा सामना होता. प्रिमो बूट घालून, सेत्तिमियाच्या हातात हात घालून, कारंज्याला वळसा घालून मैदानावर गेला, आणि आमच्या पोरांनी तीन गोल केले. त्याच संध्याकाळी एल्विओ आणि ओरेस्ते सज्जाखाली येऊन उभे राहिले.

“वहिनी!” एल्विओने हाक मारली. “कसं काय? प्रेम कसं आहे?”

सेत्तिमिया सज्जात आली. “ठीक आहे. का?”

“काही नाही. फक्त ते आता मोडू देऊ नका. मे महिन्यात लीग संपेपर्यंत. सामन्याच्या सकाळी हातात हात, कारंज्याला डावीकडून वळसा, आणि तो हळूच काहीतरी बोलला होता, तुम्ही हसला होतात…”

“म्हणजे आता भांडायचंही नाही?”

“मे महिन्यापर्यंत, वहिनी! गावासाठी!”

ती आत गेली. आतून प्रिमोचं हसणं ऐकू आलं, मग तिचं. मग सज्जातून एक बूट आला. कोणी नेम सांगितला नव्हता, कोणी डावीकडे उजवीकडे म्हटलं नव्हतं. तो थेट एल्विओच्या खांद्यावर बसला, आणि या वेळी खांद्यात उशी नव्हती.